गुऱ्हाळावरची इंग्रजी

इंग्रजी ही मुळात गोठ्यातली भाषा आहे. हे वाक्य मी आयुष्यभर वर्गात ओरडून सांगितलं आणि आयुष्यभर लोकांनी माझ्याकडं, ह्या माणसाचा एखादा नटबोल्ट सैल आहे, अशा नजरेनं पाहिलं. ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘प्राध्यापकीतल्या गोड आठवणी’ मागितल्या आहेत. गोड म्हणाल तर माझ्याजवळ एकच आहे. ती गुळाची आहे आणि ती सांगताना माझं डोकं अजून काहिलीसारखं तापतं. तेव्हा फराळाबरोबर हे वाचायला घेतलं असेल तर शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. इंग्रजीचा प्राध्यापक म्हटलं की लोकांना फुलं, फुलपाखरं आणि प्रेमात झुरून मेलेले कवी आठवतात. ते सगळं माझ्या सहकाऱ्यांनी वाटून घेतलं होतं. ताटात उरलेला कढीपत्ता तेवढा माझ्या वाट्याला आला: एम.ए.चा ‘इंग्रजी भाषेचा इतिहास’ हा पेपर. तो घ्यायला कुणी धजत नसे. माझ्या आधीचे गृहस्थ तो शिकवता शिकवता देवधर्माला लागले, अशी वदंता होती.

हा विषय काय असतो ते बाहेरच्याला सांगतो. प्रयाग चिखलीला जाऊन बघा. लहान लहान नद्या तिथं येऊन मिळतात आणि पुढं सगळ्यांचं मिळून नाव पंचगंगा. इंग्रजीचं तसंच आहे. समुद्रापलीकडनं आलेल्या दांडग्या टोळ्यांची बोली, मग डेन लोकांची, मग फ्रेंच, मग पाद्र्यांची लॅटिन, आणि शेवटी आपल्याकडनं जहाजं भरभरून नेलेले शब्द. कुठलं पाणी कुठल्या ओढ्याचं, हे हुडकत बसणं म्हणजे माझा धंदा.

माझा आवाज मोठा. मी वर्गात नॉर्मन लोकांची स्वारी लावली की पंचगंगेच्या घाटावर धुणं आपटणाऱ्या बाया हात थांबवून ऐकत. रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशींना त्या स्वारीचा सनसुद्धा पाठ झाला होता. मुलांचं मात्र तसं नव्हतं. मुलं हातकणंगल्याकडची, कागलकडची, राधानगरीकडची. सकाळी धारा काढून, येष्टीच्या टपावर बसून कॉलेजात येणारी. त्यांना इंग्रजीची अशी धास्ती की माझ्या वर्गात ती श्वाससुद्धा परवानगी काढून घेत. इंग्रजी म्हणजे कुणातरी मोठ्या लोकांची वस्तू, आपण तिला हात लावला तर ती विटाळेल, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असे. मला पहिला राग आला तो त्याचा.

म्हणून मी सगळ्यात आधी मटणाची गोष्ट सांगायचो. फ्रेंच बोलणारा राजा इंग्लंडात आला, त्यानं गादी घेतली, कचेरी घेतली, देवळं घेतली. त्यानंतर कितीतरी पिढ्या इंग्रजी बोलणारा माणूस म्हणजे अडाणी, गावंढळ, शेणाच्या वासाचा. मेंढरं राखणारा आपल्या बोलीत ‘शीप’ म्हणे. तेच मेंढरू कापून साहेबाच्या पानात पडलं की फ्रेंच होऊन ‘मटन’. राखणाऱ्याचा शब्द गोठ्यात, खाणाऱ्याचा शब्द ताटात. आणि आपण कोल्हापूरकर दर रविवारी तांबड्या रश्श्यात त्या फ्रेंच साहेबाचाच शब्द शिजवतो. पोरं खदखदून हसत. हसली की निम्मी भीती जाई.

पुढं इंग्रजीला दिवस आले. कोर्टातला कारभार इंग्रजीत चालावा, असा कायदा झाला. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. पोरांना ही थाप वाटे. मग मी त्यांना आमच्या नोटीसबोर्डापुढं उभं करी. कारभार मराठीतून करा, असं वरून आलेलं फर्मान तिथं लावलेलं होतं. अस्सल इंग्रजीत.

हे सगळं मी मराठीत सांगायचो. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही मागं ‘लॉर्ड’ म्हणत असू, त्यांचा ह्यावर फार जीव जळे. लॉर्ड कोट घालून आंघोळ करीत असावेत असा माझा कयास आहे. ते म्हणत, “अहो, इंग्रजी विभागाच्या भिंतींना मराठी ऐकू जाता कामा नये.” मी म्हणे, “मग सर, भिंतीच नसतील तिथं शिकवतो.” आणि एका जानेवारीत मी खरोखरच वर्ग उचलून गुऱ्हाळावर नेला.

गुऱ्हाळ होतं बिद्रीच्या पुढं, सर्जेराव ह्या माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचं. सर्जेराव म्हणजे वर्गातलं सगळ्यात मुकं पोरगं. उंचीला ताड, बोलायला दगड. पण पेपर लिहायला बसला की असा लिही की मी तपासताना चहा विसरायचो. त्या काळी एम.ए.ला सेकंड क्लास मिळाला की प्राध्यापकी मिळे. थर्ड क्लासला ते दार बंद. लेखी परीक्षेत हा पोरगा सेकंड क्लासच्या उंबऱ्यापर्यंत जाणार, हे दिसत होतं. पुढची उडी तोंडी परीक्षेत मारायची होती. आणि तोंड उघडायचं म्हटलं की तो दाराकडं बघे. त्याचं तोंड उघडावं, एवढ्यासाठी मी सगळी वरात त्याच्या घरी नेली होती.

चुलाण पेटलेलं. हौदाएवढ्या काहिलीत उसाचा रस रटरटत होता. सर्जेरावचे वडील, आबा, स्वतः गुळव्या. रस गूळ व्हायला आला की नाही ते नुसत्या वासावर सांगणारे. मी बाही सरसावून व्याख्यान सुरू करणार, तोच आबांनी अडवलं.

“सर, आदी पोरास्नी काकवी पाजा. उपाशी पोटी इतिहास उतरत न्हाय.”

“आबा, इतिहास इंग्रजांचा आहे.”

“मग तर दोन वाट्या पाजा.”

काकवी झाली, गरम गूळ झाला, निम्म्या वर्गाच्या जिभा भाजल्या. मग मी सर्जेरावला म्हटलं, “आता तू सांग. ह्या काहिलीतनं इंग्रजीत काय गेलं?” आणि तो दगड बोलायला लागला, हातात गुळाचा खडा घेऊन. आपली ‘शर्करा’ फारशीतनं अरबांकडं गेली, तिथनं फ्रेंचांकडं, आणि फ्रेंचांच्या खिशातनं इंग्रजीत शिरली ती ‘शुगर’ होऊन. तिचीच दुसरी बहीण दक्षिणेतनं पोर्तुगीज गलबतात बसली आणि ‘जॅगरी’ होऊन त्याच घरात पोचली. “दोगी सख्ख्या भणी, सर. एकच सासर, पर वाटा येगळ्या. सासरी गेल्यावर एकमेकींला वळखंनात.” पोरांनी टाळ्या पिटल्या. आबांनी काहिलीकडची नजर न काढता विचारलं, “म्हंजे आमचा गूळ सायबाच्या बोलन्यात हाय म्हना की.” सर्जेराव म्हणाला, “व्हय आबा, हाय.” त्या दिवशी रस जरा जास्तच कढला. गूळ काळा पडला. गुळव्या म्हणून त्यांच्या उभ्या हयातीत तेवढं एकच आधण बिघडलं, असं ते पुढं सांगत.

आता परीक्षेकडं येतो. तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक येतो. त्याला म्हणायचं एक्स्टर्नल. कोल्हापुरात एक्स्टर्नल येणं म्हणजे जावई येणं. स्टेशनवर हार, अंबाबाईचं दर्शन, पायाच्या मापाची चप्पल, दोन रस्से, आणि परत जाताना गुळाची ढेप. का, तर पावणा हाय. ह्या गावात वैऱ्याला पत्ता विचारलात तर तोही ‘पावणं’ म्हणून घरापर्यंत सोडायला येईल आणि मग दारात भांडेल. मला आमच्या ह्या रीतीचा अभिमान होता. त्या दुपारनंतर राहिला नाही.

त्या सालचे एक्स्टर्नल मोठ्या शहरातनं आले होते. टाय अशी घट्ट की आवाज नाकातनं यावा. अंतर्गत परीक्षक मी, मधल्या खुर्चीत लॉर्ड. सर्जेराव आत आला. धुवट पांढरा शर्ट, डोक्याला तेल, पायात आवाज करणारी नवी चप्पल. त्या आवाजालाच साहेब पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, पूर्वेकडून इंग्रजीनं काय काय घेतलं ते सांगा. माझी छाती फुगली. प्रश्न थेट गुऱ्हाळावरच येऊन पडला होता. सर्जेरावनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. फारशी, अरबी, फ्रेंच, पोर्तुगीज गलबतं, दोन बहिणी. एक अक्षर चुकलं नाही. फक्त त्याची इंग्रजी बिद्रीकडच्या मातीतनं चालत आलेली होती, पायाला चिखल होता.

साहेबांनी उत्तर ऐकलंच नाही. ते नुसता सूर ऐकत होते. म्हणाले, “पुन्हा म्हणा.” त्यानं पुन्हा म्हटलं. साहेबांनी मान तिरपी करून त्याच्याच हेलात त्याचं वाक्य त्याला म्हणून दाखवलं आणि लॉर्डांकडं पाहून हसले. लॉर्डही हसले. “आणखी एकदा,” साहेब म्हणाले. सर्जेरावनं ओठ हलवले. आवाज आला नाही. महिनोन् महिने खपून उघडलेलं ते तोंड माझ्या डोळ्यांदेखत मिटलं. पुढच्या एकाही प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. नमस्कार केला आणि चप्पल हातात घेऊन बाहेर गेला, आवाज नको म्हणून.

मी उठलो. मी काय बोललो ते बिंदू चौकापर्यंत ऐकू गेलं, असं लोक सांगतात. मी म्हणतो, निपाणीपर्यंत गेलं. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही ज्या भाषेत हसलात ना, तिला तिच्याच देशात पिढ्यान् पिढ्या असंच हसत होते. असेच टाय बांधलेले, असेच नाकात बोलणारे. ती गोठ्यात राहिली म्हणून जगली. आज ज्यानं तिचा सगळा प्रवास तुम्हाला सांगितला, त्याच्या पायाचा चिखल काय बघता?”

साहेबांनी शांतपणे गुण लिहिले. एवढे थोडे की सेकंड क्लासचा उंबरा दिसेनासा झाला. मी सही करणार नाही म्हटलं. लॉर्डांनी मला बाजूला घेतलं.

“अहो, पाहुणे आहेत. पाहुण्यांचं मन मोडायचं नसतं. कोल्हापूरचं नाव जाईल.”

“आणि पोरगं गेलं तर?”

“पोरं दरसाल येतात.”

आणि माझ्याऐवजी सही करायला त्यांनी दुसऱ्याला बसवलं. आमच्या गावात पाहुण्यासाठी कोंबडं कापतात. त्या दिवशी आम्ही पोरगं कापलं.

एवढं होऊनही संध्याकाळचं जेवण माझ्याच घरी ठरलेलं होतं. रीत म्हणजे रीत. मी घरी निरोप धाडला: चटणीचा हात सैल सोडायचा. आमच्या मंडळींनी माझा चेहरा न पाहताच सगळं ओळखलं. तो तांबडा रस्सा असा झाला होता की पातेल्याच्या कल्हईनं पळ काढला आणि शेजारच्यांच्या मांजरानं गल्ली बदलली. साहेबांनी पहिला भुरका मारला. चष्मा धूसर झाला, टाय सुटली, आणि नाकात राहणारा आवाज एकदम पोटातनं बाहेर आला: “आगाग्गाग्गा, आये मेलो. पानी आन गं बाय, पानी.”

आमच्या मंडळींनी तांब्या पुढं केला आणि विचारलं, “गाव कुठलं भाऊ तुमचं?”

साहेबांनी अख्खा तांब्या रिकामा केला. मग मान खाली घालून म्हणाले, “माळावरचं हाय. मेंढरं हुती आमची.” आणि पुन्हा टायच्या मराठीत, “मलाही असेच हसले होते. म्हणून तर मी सुधारलो. तुमचा तो विद्यार्थीही सुधारेल.”

वाचकहो, इथं एखाद्याला त्यांची कणव आली असती. मला दुप्पट राग आला. अहो, जो मेंढरं राखून आला त्यानंच शीप विसरून मटन म्हणावं? फ्रेंच राजाला मी एकवेळ माफ करीन, त्याला आमची बोली येत नव्हती. ह्यांना येत होती. गुण मात्र बदलले नाहीत. ढेप घेऊन साहेब सकाळच्या गाडीनं गेले.

सर्जेराव थर्ड क्लासमध्ये पास झाला. प्राध्यापकी हुकली. बी.एड. करून तो गावाकडं मास्तर झाला. माझ्याकडं यायचा बंद झाला. का, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. त्याला बघून मला जे आठवलं असतं, तेच मला बघून त्याला आठवलं असतं.

बारा-पंधरा वर्षं गेली. ऐंशी साल उलटलं होतं. एक दिवस दारात जीप थांबली आणि त्यातनं आबा उतरले, पांढरा फेटा, तेच डोळे. म्हणाले, “सर, आमच्या पोराची साळा हाय आता. इंग्रजी. त्योच मोठा मास्तर हाय. स्नेहसंमेलनाला पावणं म्हणून तुमास्नी न्यायला आलोय.” मला वाटलं, आभाळ ठेंगणं झालं. जीपमध्ये बिद्रीपर्यंत मी आबांना पुन्हा एकदा सगळं इंग्लंड ऐकवलं.

शाळेच्या फाटकात पाटी होती. भलीमोठी, निळ्यावर पांढरी अक्षरं. ह्या आवारात फक्त इंग्रजी बोला. जो मराठी बोलेल, त्याला शिक्षा होईल.

मी जीपमधनं उतरलोच नाही. सर्जेराव धावत आला. सूट, टाय, केस पिकायला लागलेले. “वेलकम सर,” म्हणाला. मी म्हटलं, “ती पाटी काढ, मग येतो.” तो नुसता इकडंतिकडं बघायला लागला. पालकांचा आग्रह, जमाना, स्पर्धा, असं काहीबाही इंग्रजीत पुटपुटला. मी असा भडकलो की जीपचं इंजिन बंद होतं तरी रेडिएटर उकळला. “अरे, तुला ज्यानं कापलं, त्याचीच सुरी घेऊन बसलास?”

तेव्हा आबा मधे पडले.

“त्येला का बोलतासा सर? पाटी मीच लावाय सांगितली.”

“तुम्ही?”

“व्हय. माज्या पोराला हसलं मानूस. त्यो घरी आला, आन् वरीसभर माझ्यासंगट न्हाय बोलला. हितल्या दुसऱ्या कुनाच्या पोराला कोन हसू नये, म्हनून लावलीया. ऱ्हाऊ द्या तिला.”

मी जीपमधनं उतरलो. राग उतरला नाही. राग आता कुणावर करायचा तेवढंच कळेना.

हॉलमध्ये गणवेशातली पोरं घडी केलेल्या कापडासारखी बसलेली. हार झाला, नारळ झाला. मी माईकपुढं उभा राहिलो आणि तो बाजूला सारला. मला माईक लागत नाही. मग अस्सल कोल्हापुरीत विचारलं, “पोरांनो, गुऱ्हाळावरचा कढत गूळ कुणी कुणी खाल्लाय? हात वर.”

एक हात हलला नाही. ऊसपट्ट्यातली पोरं ती, सगळ्यांनी खाल्लेला. पण सगळ्यांचे डोळे हेडमास्तरांच्या खुर्चीवर. शिक्षक एकमेकांकडं बघायला लागले. मला कुणी थांबवू शकत नव्हतं. मी पाहुणा होतो. ज्या रीतीनं ह्या पोराला बुडवलं होतं, तिच्याच पाठीवर बसून मी आलो होतो आणि मला ते पुरतं ठाऊक होतं. मी वळलो आणि थेट सर्जेरावकडं बघून तोच प्रश्न पुन्हा विचारला.

बाहेर लांब कुठंतरी उसाची गाडी करकरत होती. सर्जेरावनं टायच्या गाठीला हात लावला. उठून उभा राहिला. ताडासारखा, हात वर करून, माझ्या वर्गात कधी केला नव्हता तसा.

“पावण्यांचं मन मोडायचं न्हाय म्हणत्यात, सर,” तो म्हणाला. “मी खाल्लाय. आबांच्या काहिलीतला. जीभ भाजली हुती.”

पहिल्यांदा मागच्या रांगेतला एक हात वर गेला, मग दहा, मग सगळा हॉल. मग जो कालवा झाला तो बोलण्यासारखा होता, ओरडण्यासारखा होता, आणि त्यात इंग्रजीचा एक शब्द नव्हता. मी तासभर बोललो. मेंढरं, मटण, फ्रेंच राजा, दोन बहिणी. बहिणींचं सांगताना मधेच अडकलो, तेव्हा पुढचं सर्जेरावनं सांगितलं. आबा खालच्या रांगेत मांडीवर फेटा ठेवून बसले होते. त्यांनी ह्या खेपेला पोराकडनं नजर काढली नाही.

निघताना सर्जेरावनं जीपमध्ये ढेप ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, “पाटी ऱ्हाणार, सर. पालक न्हाय ऐकायची. पर तुमी दरसाल येत जावा.”

मी दरसाल जातो. दरसाल पाहुणा म्हणून माझा नारळ होतो, दरसाल त्या पाटीच्या आतल्या बाजूला उभा राहून मी मराठीत घसा फोडतो, आणि पोरं हात वर करतात. दरसाल त्या पाटीला नवा निळा रंग दिलेला असतो. ढेप मी घेतो. जुना गूळ औषधी असतो म्हणतात. माझा राग आता चांगलाच जुना झालाय.